पहिल्या जागेचा मान

११ मार्च १९९९, गुरुवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामांची नोंद असावी. मासिकासोबत लिनक्सची सीडी आली. कळव्यात ती टाकणारा बहुधा मीच पहिला. विंडोज आणि लिनक्स, दोन्ही एकाच मशीनवर गुण्यागोविंदाने नांदवणार. ठाण्याच्या क्लासातला चंदू म्हणाला, आधी बॅकअप घे. हसलो.

१२ मार्च
धाकट्या बहिणीचं, मालनचं लग्न ठरलंय. पत्रिकेतली तीनशे बारा नावं तिने महिनाभर माझ्या कॉम्प्युटरवर बसून टाइप केलीत, मानाच्या क्रमाने. बाबा म्हणतात, एक मामा खाली गेला तर अख्खं घर हळदीला येणार नाही. आणि आम्हा आगऱ्यांत हळदीला रुसवा म्हणजे सात पिढ्यांचा रुसवा. सोमवारी कल्याणला दामाजीशेठच्या छापखान्यात फ्लॉपी द्यायचीय. भरपूर वेळ आहे.

१३ मार्च, दुपारी ३
सीडी सरळ चालू होत नाही, आधी बूट फ्लॉपी बनवावी लागते. घरात एकच फ्लॉपी. तिच्यावर ‘मालन, यादी’. पण यादी हार्डडिस्कवर आहेच. पुसली. याला नियोजन म्हणतात.

५.१०
इन्स्टॉलर विचारतोय, बूट रेकॉर्ड कुठे लिहू? म्हणजे डिस्कची अगदी पहिली जागा. मशीन उठलं की आधी तिथे बघतं, कोणाला हाक मारायची ते. तिथे विंडोज बसलेली. नवा पाहुणा म्हणून ती जागा लिनक्सला दिली. पुढे विंडोजचंही नाव लिहायचं होतं, पण चहा आलेला.

६.३०
लिनक्स सुरू! काळी स्क्रीन, भारी दिसते. विंडोज मात्र उघडत नाही.

७.००
चूक इन्स्टॉलरची. आमच्या पंगतीत आधी बसलेल्याला विचारल्याशिवाय कोणी त्याचा पाट सरकवत नाही. ह्याने जुन्या रेकॉर्डची प्रत ठेवायला हवी होती. सरळ विचारायचं, ‘इथे विंडोज बसलीय, तिचं काय करू?’ तसं काहीतरी विचारलेलं वाटतं, पण फार लांबलचक होतं. मासिकाला खरमरीत पत्र लिहिणार.

१४ मार्च
मालनने विचारलं, दादा, फ्लॉपी झाली का रे? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. चंदूला फोन करता आला असता, पण त्याला एवढा आनंद का द्यावा? विंडोज नव्याने बसवली की प्रश्न मिटला. त्यासाठी डिस्क फॉरमॅट केली. विंडोज आता मस्त चालते.
यादी नाही.

१५ मार्च
चंदूला फोन केला, एका मित्राची अडचण म्हणून. तो म्हणाला, अरे, फाइली जागच्या जागी असणार, फक्त बूट रेकॉर्ड बदललाय. डॉसच्या फ्लॉपीवरून एक ओळ मारली की विंडोज परत. मग म्हणाला, मित्राने फॉरमॅट तर नाही ना मारलं? लाइन खराब आहे म्हणून फोन ठेवला.
संध्याकाळी मालनला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. वही घेऊन ओटीवर बसली. फार लाज वाटली. पत्राचा विचार सोडला.

२१ मार्च
पत्रिका आल्या. मालनने सगळी नावं आठवून लिहिलेली. बाबांनी बोट ठेवून एकेक वाचलं. सगळे मामा जागच्या जागी. तीनशे अकरा भरली. राहिलेलं नाव माझं.
मालनला विचारलं. म्हणाली, गडबडीत राहिलं रे दादा.
खडवलीच्या आत्याच्या चुलत दिराचं नाव मात्र तिला गडबडीतही आठवलंय, वडिलांच्या नावासकट.