ओल्या फरशीबद्दल दोन ओळी

दि. ९ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
अनेक उ. आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस, डाव्या हाताने लिहिते आहे. पहिलीतली पोरं याहून बरं गिरवतात. उजवा हात प्लास्टर घालून गळ्यात अडकवलाय आणि मी घरभर काही ना काही सांडत फिरते आहे. तुझे भावजी गेल्यापासून घरात दुसरा हात नव्हताच, आता पहिलाही नाही.

तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्याचं हॉटेलातलं जेवण माझ्या पडण्याने गाजलं, याचं फार वाईट वाटतं. सूपसुद्धा आलं नव्हतं. हात धुऊन मी बेसिनपासून वळले आणि पाय असा सटकला की आधी छत दिसलं, मग कळलं की आपण पडलो. पाठ भिजली तेव्हा समजलं, खाली साबणाचं पाणी पसरलं होतं. सगळे मला उचलायला धावले आणि तू मात्र गुडघ्यांवर बसून टॉवेलने फरशी पुसत होतास. एवढं कळवळत असूनही मला हसू आलं. लाँड्रीवाल्याला ओलं काही बघवत नाही, मग बहीण का आडवी पडलेली असेना.

आता मुद्द्याचं. मनगट दोन ठिकाणी मोडलंय आणि नस दबली आहे. अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्ही बधिर. डॉक्टर म्हणतात, हाताच्या खास सर्जनकडून लवकर ऑपरेशन झालं तर पकड परत येईल, उशीर झाला तर सांगता येत नाही. मी कवळ्या घडवते रे. मेणात एकेक दात बसवायचा म्हणजे सगळा खेळ त्याच दोन बोटांचा. लॅबची मालकीण महिनाअखेरपर्यंत माझी खुर्ची रिकामी ठेवते म्हणाली. ऑपरेशनचा खर्च मात्र माझ्या आवाक्याबाहेरचा आहे.

खालच्या मजल्यावरचे काका जन्मभर कोर्टात कारकून होते. त्यांनी माझी चांगलीच शाळा घेतली. पडल्यावर तिथल्या तिथे फोटो काढायचे, हॉटेलवाल्यांकडून घटना लिहून घ्यायची, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कुणी पुढे केलेल्या कागदावर सही करायची नाही. यातला डॉक्टर तेवढा मी गाठला. बाकी काही न करता उलट मॅनेजरचीच माफी मागून आले. काकांनी कपाळाला हात लावला. आता त्यांनी हॉटेलला रीतसर पत्र लिहून दिलंय आणि माझ्या चपला न धुता पिशवीत बांधून ठेवायला लावल्यात. असल्या अपघातांसाठी हॉटेलचा विमा असतो म्हणे, खर्च विमावाले देतात, फक्त फरशी ओली होती हे पाहणारं कुणीतरी हवं. मी म्हटलं, माझ्या भावाने ती स्वतः पुसली, आणखी कोण पाहिजे. तेव्हा तेवढ्या दोन ओळी लिहून पाठव.

वहिनीला आशीर्वाद. माझी काळजी करू नका, पण थोडी केलीत तर आवडेल.

तुझी
ताई

---

दि. १४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझं डाव्या हाताचं अक्षर माझ्या उजव्यापेक्षा बरं आहे, तेव्हा त्याची चिंता सोड. घरातली कामं त्या खालच्या काकांच्या सुनेला सांगत जा, लाजू नकोस. तुझ्याविना जेवण कुणालाच गेलं नाही. हिने तर ताट तसंच बाजूला सारलं.

फरशीबद्दल म्हणशील तर ताई, त्या धांदलीत नक्की काय होतं ते आता मला नीट आठवतही नाही. ओलसर असेल. हात धुवायच्या जागी थोडंफार पाणी असायचंच. आणि तुझी ती चप्पल, तिचा तळ गुळगुळीत झालाय हे मी तुला मागेच म्हटलं होतं. तू कधी माझं ऐकलंस?

तुला ठाऊकच आहे, माझ्याकडे धुवायला येणाऱ्या चादरी-अभ्र्यांतले निम्म्याहून जास्त त्या हॉटेलचे. इस्त्रीवरच्या बायकांची घरं त्यावर चालतात. मॅनेजर भला माणूस आहे, दर भेटीत तुझी चौकशी करतो. कोर्टकचेरीची भाषा सुरू झाली की माणसं दुरावतात. खर्चाचं आपण घरातल्या घरात बघू, मी थोडं थोडं करून देत जाईन. तू थोरली आहेस, समजून घेशील. आजवर घेतच आली आहेस.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नये ही विनंती.

तुझा
ढब्बू

---

दि. २० नोव्हेंबर

ढब्बू,

हॉटेलचं उत्तर आलं. त्यात लिहिलंय की प्रत्यक्ष हजर असलेल्या तुमच्या सख्ख्या भावाच्या सांगण्यानुसार फरशी पूर्ण कोरडी होती. काका ते मोठ्याने वाचत होते. त्या ओळीवर आले, चष्मा काढला आणि चहा टाकतो म्हणून आत निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा भाऊ सांगेल, माझा भाऊ सांगेल, असं मीच त्यांना दहा वेळा ऐकवलं होतं.

काल गरम पातेल्याला बोट टेकलं. चटका बसलाच नाही. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा बघितलं. अशा बोटांनी मी कुणाचे दात बसवू? माझ्या खुर्चीवर तात्पुरती म्हणून एक मुलगी आली आहे. हुशार आहे म्हणतात.

चप्पल जुनी होती, कबूल. पण माझी पाठ भिजली होती रे. हिवाळ्यात ओल्या कपड्यांनी मी दवाखान्यात तास-दीड तास कुडकुडत होते, तेव्हा तूच मला कोट घातलास. आणि आता तुला आठवत नाही.

तू देऊ करतोस ते पैसे मला नकोत. लाँड्रीतल्या नव्या मशीनचे हप्ते तुझ्या मानेवर आहेत हे मला माहीत आहे, आणि तुझे हप्ते फिटेपर्यंत माझी बोटं थांबणार नाहीत. फरशी कोरडी म्हणजे मी खोटी. तेवढं तरी मला स्पष्ट लिही. मला फार रडू आलं आणि फार राग आला, दोन्ही खरं आहे.

आशीर्वाद आहेत, कारण ते परत घेता येत नाहीत.

ताई

---

दि. २४ नोव्हेंबर

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र ह्यांनी लाँड्रीत उभ्या उभ्याच वाचलं. तेव्हापासून धड जेवण नाही, धड बोलणं नाही. उगाच इस्त्रीवरच्या बायकांवर खेकसतात, मग स्वतःच जाऊन त्यांची माफी मागतात.

काय घडलं ते तुम्हाला कळायला हवं. तुम्ही पडलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅनेजर स्वतः लाँड्रीत आला. आजवर त्याने कधी इकडे पाऊल ठेवलं नव्हतं. बेसिनखालचा पाइप गळतोय अशी तक्रार त्याच्याकडे बरेच दिवस पडून होती, त्याने लक्ष दिलं नव्हतं. मालकांना कळलं तर आपली नोकरी जाईल म्हणाला. मग ह्यांना विचारलं, की फरशी तशी कोरडीच होती ना. ह्यांनी मान हलवली, ताई. तोंडातून शब्द काढला नाही, नुसती मान हलवली. त्याचं त्या लोकांनी ‘सांगण्यानुसार’ केलं.

मी आत टेबलापाशी होते, मला पाणी दिसलं नाही. दिसलं असतं तर केव्हाच लिहून दिलं असतं, मग घरात काय व्हायचं ते होवो. काल ह्यांना म्हटलं, चादरी आपण दुसरीकडून आणू, ताईंची बोटं कुठून आणायची ते सांगा. चप्पल घालून बाहेर गेले ते जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत.

ह्यांची बाजू घेत नाही. पण माणूस आतून पार पोखरून निघालाय, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. मुलीसारखी समजून मला मात्र दूर करू नका.

तुमची
वहिनी

---

दि. २८ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार करायला तोंड नाही, तरी करतो.

काल हॉटेलात जाऊन मालकांच्या समोर लिहून दिलं. फरशी ओली होती, पाणी साबणाचं होतं, बेसिनखालच्या पाइपमधून आलेलं, माझी बहीण त्यावरून घसरली आणि ते पाणी मी पुसलं. सही केली. एक प्रत काकांना पाठवली आहे. मॅनेजर तिथेच उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आज आमची गाडी तिथून रिकामी परत आली. ते माझं मी निस्तरेन, तू त्यात पडू नकोस.

पण त्या कागदात नाही असं एक तुला सांगायचं आहे. तू पडल्या पडल्या माझ्याकडे बघून हसलीस ते मी पाहिलं होतं. तुला वाटलं, लाँड्रीवाल्याची सवय. मी तसं वाटू दिलं. ताई, तू खाली कोसळलीस आणि त्याच वेळी मला दारातून मॅनेजर येताना दिसला. माझ्या डोक्यात पहिलं आलं ते हे, की आता हा अडचणीत येणार आणि आपलं काम जाणार. म्हणून ट्रॉलीवरचे टॉवेल ओढले आणि पाणी पुसायला बसलो. तू कण्हत होतीस ते मला ऐकू येत होतं. आधी मी पाण्याकडे गेलो, मग तुझ्याकडे.

हे कुणीच विचारलेलं नाही आणि कुणाला कळलंही नसतं. पण हे पोटात ठेवून मला तुझ्यासमोर उभं राहता येणार नाही. तू रागाव, बोलू नकोस, काय वाटेल ते कर. ऑपरेशन कधी ठरलं तेवढं कुणाकडून तरी कळव. येऊ का, असं विचारायचं धाडस होत नाही.

तुझा
ढब्बू

---

दि. ५ डिसेंबर

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

विमावाल्यांनी खर्च मान्य केला. ऑपरेशन सोमवारी आहे. सर्जन म्हणाले, उशीर झालाय, बोटांत जेवढं परत येईल तेवढं येईल. जेवढं म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. लॅबमधली ती मुलगी कायम झाली.

तुझं पत्र वाचलं. राग आहे. तो कधी जाईल मला ठाऊक नाही, आणि गेला असं खोटं लिहिणार नाही.

ऑपरेशनच्या कागदावर रक्ताच्या नातेवाइकाची सही लागते. माझं दुसरं आहे कोण? सोमवारी सकाळी लवकर ये.

ताई