उठवणारा

दि. ३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही हो-नाहीच्या पुढे जात नाही, म्हणून हे पत्र. आई म्हणते ते खरं का? दर रविवारी चष्म्याचं दुकान बंद ठेवून तुम्ही धाकट्याच्या त्या मंडळात जाता, आठशे वर्षांपूर्वीचे कपडे घालून? साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण तुम्ही तर साठी कधीच ओलांडलीत. ढाल-तलवारीच्या लढाया खेळतो म्हणून त्याला किती बोलायचात तुम्ही. आता तो गेल्यावर तुम्हाला हे वेड लागलं?

त्याचं कड्यांचं चिलखत तेवढं कपाटावर नीट ठेवा. माझ्यासाठी तेच उरलंय. गुडघ्याला जपा.

आईला नमस्कार. माझी आठवण धरून राहा.
तुमची ताई


दि. १२ मार्च

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

चिलखत कपाटावर नाही. रागावण्याआधी पुढचं वाच.

गंज चढायला लागला म्हणून मी ते मंडळाला द्यायला गेलो. तिथल्या एका तरुण शिंप्याला ते बेतून शिवल्यासारखं बसलं. मी निघणार तोच त्यांची लढाई सुरू झाली. शिंपी पाठमोरा होता, खांदे धाकट्यासारखेच, आणि बघता बघता तो धाडकन आडवा झाला. माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. दोरी ओलांडून धावलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि डॉक्टरला बोलवा म्हणून ओरडत सुटलो. त्यांच्या खेळात मेलेल्याने शिंग वाजेपर्यंत डोळे मिटून पडायचं असतं, हे मला कुठं ठाऊक? तो बिचारा नियम पाळत निपचित पडला, तसा मी आणखीच ओरडलो. शेवटी नियम मोडून त्याने डोळे उघडले. कोणीही हसलं नाही गं. हसले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला. शिंग वाजल्यावर पडलेल्यांना हात देऊन उठवायला माणूस हवा होता म्हणे. माझ्यासाठीच काढलेलं काम असणार, पण मी हो म्हटलं. जाड सुती अंगरखा घालतो. आई म्हणते, गुंडाळलेली गादी दिसता. तिच्या तोंडून थट्टा ऐकून किती दिवस झाले होते.

जावईबापूंना सांग, नवा चष्मा तयार आहे. लोभ आटू देऊ नकोस.
तुझे बाबा


दि. २० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग राग आला. माझ्या भावाची वस्तू परक्याच्या अंगावर, आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत. वर दर रविवारी तो पडलेला तुम्ही पुन्हा बघता. हे खपली काढत बसणं आहे, बाबा.

आता माझं ऐका. तो खेळ सोडा, दुकान विका आणि दोघंही कायमचे इकडे या. वरची खोली रिकामी केली आहे, पडदेही शिवलेत. तुम्ही तिथे असे झुरत असताना मला घास गोड लागत नाही. भाऊ गेलाच. तुम्हीही हातचे जाल याची भीती वाटते.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुमची ताई


दि. २९ मार्च

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

पडद्यांचं वाचून भरून आलं. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती रविवारी बरोबर आली आणि दोरीबाहेर खुर्ची टाकून बसली. परतताना म्हणाली, तिला कळवा, आपण इथंच बरे.

चिलखताबद्दल तुझं बरोबर आहे. शिंप्याशी बोललो आहे, तू म्हणशील तेव्हा तो परत करील.

खपली काढणं म्हणतेस, तेही असेल. दवाखान्यात शेवटी मी धाकट्याचा हात धरून ऊठ, ऊठ म्हणत राहिलो. नर्सबाईंनी माझी बोटं सोडवली. इथं शिंग वाजतं. मी वाकतो, हात देतो, ऊठ म्हणतो आणि पोर उठतं. अंगावरचं गवत झटकतं आणि पाणी प्यायला जातं. तुझ्या गावी असं कुठं होत असेल तर कळव. लगेच निघतो.

रागावलीस तरी माया असू दे.
तुझे बाबा