रोजची भाकर आणि डोक्यातली लाट

येना, उपवासकाळाचा तिसरा रविवार

तीर्थरूप ट्रॉगोटदादास,

धाकट्या ओटिलीचा मनापासून नमस्कार. देवदयेने इकडे सगळी धडधाकट आहेत. तुझा गुडघा आणि तुझ्या मधमाश्या थंडीतून कशा निघाल्या ते कळव. (आधी गुडघ्याचं लिही. मागच्या पत्रात सगळ्या माश्याच होत्या.) मध पोचला. बरणी रिकामी परत करू नये म्हणून आत सुके आलुबुखार भरलेत.

तू विचारलं होतंस, की जावईबापू माणसांच्या डोक्यातून तारायंत्रासारखे संदेश पकडतात अशी जी आवई तुमच्या रुडोलश्टाटपर्यंत पोचली आहे, ती खरी का. निम्मी खरी आहे. यांचं म्हणणं असं, की माणसाच्या मेंदूत अगदी बारीक वीज सतत चालू असते. कपाळाला आणि डोक्यामागे चांदीच्या पट्ट्या बांधून त्या यंत्राला जोडल्या, की कागदावर तिची नागमोडी रेघ उमटते. विचारबिचार वाचता येत नाहीत (मी सगळ्यात आधी तेच विचारून घेतलं). गेली पाच वर्षं हे दवाखान्यातून सुटले की मागच्या खोलीत जाऊन रेघा काढतात आणि कोणाला सांगत नाहीत. नाताळात धीर करून प्रोफेसर होलश्टाइनना दाखवल्या, तर माझ्याच हातचा भाजलेला हंस चघळत ते म्हणाले, "डॉक्टर, ही रेघ मेंदूची नाही, खालून जाणाऱ्या ट्रामची आहे." तेव्हापासून यांचं जेवणावरून मनच उडालं. ईस्टरपर्यंत पक्का पुरावा मिळाला नाही तर यंत्र परत करायचं, असं यांनी ठरवून टाकलं. यंत्राचं मला सोयरसुतक नाही रे, पण ते गेलं तर यांचा जीवही त्याच गाडीत बसून जाईल.

अडचण होती डोक्यांची. केसांतून वीज नीट येत नाही, टक्कल लागतं. दवाखान्यातले वेडे रुग्ण घ्यावेत तर होलश्टाइन म्हणतात, बिघडलेल्या घड्याळावरून वेळ सांगू नका. म्हणून हे देवळात वरच्या सज्जात बसून खालची टकलं हेरू लागले. तू म्हणशील त्यात काय वाईट. अरे, गावातल्या वेड्यांच्या डॉक्टरने उपासना संपल्यावर खांद्यावर हात ठेवून हळूच "तुमचं डोकं एकदा बघायला मिळेल का?" असं विचारलं, तर माणसाने काय समजावं? पोस्टमास्तर घरी जाऊन अंथरुणालाच खिळले. त्यांच्या बायकोने मला बाजारात गाठलं. "डॉक्टरीणबाई, काही लपवू नका. यांचं कुठवर गेलंय?" मी म्हटलं, "टक्कल ना? मानेपर्यंत." त्यावर ती रडायलाच लागली. आता गावातली झाडून सगळी टकलं सज्जाखालच्या बाकांवर दाटीवाटीने बसतात, वरून दिसू नये म्हणून.

शेवटी मीच म्हटलं, माझं डोकं घ्या. पुढचे केस विरळ झालेतच (आईची देणगी), मागचे थोडे कापू दिले. दुपारी मला पलंगावर निजवलं, पट्ट्या बांधल्या, डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, काही करू नकोस. दादा, संसारी बाईला याहून अवघड काम आजवर कोणी सांगितलेलं नाही. रेघेची नुसती थरथर, यांना हवी होती त्या एकसारख्या लाटेचा पत्ता नाही. "ओटिली, काही करतेयस का?" "छे, स्वस्थ पडलेय." आणि खरंच स्वस्थ होते. आमच्या लेकीच्या, लिस्बेथच्या, देवळातल्या दृढीकरण-विधीच्या जेवणाला बटाट्याचे गोळे किती लागतील एवढंच मनात चाललं होतं (शाळेत गणितात पहिली आलेली मी, मला कागद लागत नाही), आणि एका पाहुण्याशी हिशेब अडत होता. यांनी सगळ्या तारा तपासल्या, मग खुर्चीत बसून टाय सैल केला. लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी यांनी टाय सैल केलेला मी पाहिला नव्हता. "राहू दे," म्हणाले. "ट्रामच असेल."

मी डोळे मिटलेलेच ठेवून यांच्यासाठी प्रभूची प्रार्थना मनात म्हणू लागले. ती मला झोपेतही येते. तोच हे ताडकन उठले. "हलू नकोस. आली." लाट आली होती, एकसारखी, आणि एकाएकी मोडली. पुन्हा म्हण, म्हणाले. पुन्हा आली, पुन्हा मोडली, आणि दर वेळी त्याच जागी. "तिथे तू करतेस तरी काय?" काय करणार? 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' इथे आलं की मला बटाटे आठवतात आणि हिशेब पुढे चालू होतो. हे ऐकून यांनी माझा हात धरला आणि डोळ्यांत पाणी येईतो हसले. डोकं निवांत असलं की लाट, कामाला लागलं की लाट गायब. ट्रामला माझ्या गोळ्यांचं काय पडलंय?

काल होलश्टाइनना बोलावलं. लाट दिसताच म्हणाले, "ट्राम." यांनी मला सतरा नव्वे किती ते विचारलं, लाट गेली. (एकशे त्रेपन्न.) खाली ट्राम खडखडतच होती. मग त्यांनी स्वतःच मला गणितं घालून पाहिली आणि सिगार उलट्या बाजूने पेटवली. जाताना म्हणाले, "बायकोचं डोकं नवऱ्याचीच बाजू घेणार. एक दुसरं डोकं आणा, मग मीच म्हणेन, छापा."

प्रभू तुझं आणि तुझ्या पोळ्यांचं रक्षण करो.

तुझी
ओटिली

ता. क. दृढीकरणाला येशीलच, पण दोन-तीन दिवस आधी ये. सहज आपलं.

आणखी एक. सरळच लिहिते. तुझ्याइतकं गुळगुळीत आणि आतून शांत डोकं आपल्या कुळात दुसरं नाही. मेहुण्याचं डोकं बहिणीच्या नवऱ्याची बाजू घेतं असं कोणी ऐकलेलं नाही, त्यामुळे होलश्टाइनचंही तोंड बंद. पोस्टमास्तरांच्या त्या प्रकारापासून हे कोणाला विचारायला धजत नाहीत, या पत्राचंही त्यांना ठाऊक नाही. खांद्यावर हात ठेवलाच तर घाबरू नकोस. पलंगावर मात्र माश्या मोजू नकोस.

शेवटचं. हिशेब अडत होता तो तुझ्याशीच. तुला तीन गोळे धरायचे की चार, ठरत नव्हतं. पहिल्या कागदावर लाट जिथे मोडली तिथे यांनी लाल शाईने फुली केली आहे. छापून आली तर मोठमोठे विद्वान तिच्यावर भिंग धरतील. ती फुली म्हणजे तुझा चौथा गोळा. (धरला आहे.)