ज्वालामुखीच्या रस्त्यावरची म्हातारी

केहाऊताई,

हे पत्र मी टाकणार नाहीये. टाकलं तर तू लास वेगासहून खोकाभर खाऊ पाठवशील, स्वतः येणार नाहीस.

आज आईला गाडीतून ज्वालामुखीकडे नेलं. हल्ली घरात तिचा जीव रमत नाही, माझाही नाही. विवरापाशी थांबले, गाडीच्या मागच्या सीटवरून तिचा स्वेटर घेतला, वळून बघते तर आई गायब!

धुक्यात वेड्यासारखी गाडी फिरवली. वळणावर एक ट्रक उभा. आत आई बसलेली, पांढरे केस मोकळे सोडून. शेजारी ट्रकवाला, टोपी मांडीवर घेऊन अगदी अदबीने. पांढऱ्या केसांची म्हातारी रस्त्यात दिसली की थांबायचं, ती ज्वालामुखीची पेलेदेवी असू शकते, हे आईनंच आपल्याला शिकवलं ना? त्यालाही कुणीतरी शिकवलं असणार.

"देवी नाही हो, माझी आई आहे."

"मग अशी एकटी सोडता होय?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण आई उतरेचना. मलाच म्हणाली, "तुम्ही कोण, बाई? मला माझ्या केहाऊकडे जायचंय."

"चला, मी तिकडेच निघालेय," म्हटलं, तेव्हा कुठे गाडीत बसली. वाटेत सारखी विचारत होती, "केहाऊ वाट बघतेय ना माझी?"

मी हो म्हटलं. तूच सांग, खोटं बोलले का मी?

तुझी धाकटी,
नोहेआ