मागचं चाक तापतं

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठकीला नोकरी लागली. ठकी म्हणजे आमची मुलगी, खरं नाव फक्त सर्टिफिकेटवर. फिजिओथेरपिस्ट झाली आहे. हॉस्पिटल इथून चार तासांवर, काम घरोघर जाऊन पेशंटना व्यायाम देण्याचं, दोन मार्चला हजर व्हायचं. दुचाकी लागणारच. आनंदाच्या भरात बोलून गेलो, माझी मोटरसायकल घेऊन जा. ठकीने गळ्यात हात टाकले. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही.

अडचण एकच. मागचा ब्रेक धरतो. गाडी जड चालते आणि घरी येईपर्यंत मागच्या चाकाचा ड्रम असा तापतो की हात लावला तर चटका बसतो. असल्या गाडीवर मुलीला पाठवणारा बाप मी नव्हे. कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. ब्रेक मी स्वतः दुरुस्त करणार. दोन संध्याकाळचं काम. आजपासून रोजनिशीही नियमित.

५ फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळ

गाडी मेन स्टँडवर घेतली. मागचं चाक हाताने फिरवलं. गरगर फिरलं, अजिबात धरलं नाही. मग बाजार, पूल, स्टेशन अशी चक्कर मारून आलो. ड्रम तापलेला. म्हणजे दोष चलाख आहे, स्टँडवर लपून बसतो. ब्रेकच्या दांडीचा नट थोडा सैल केला. पुन्हा चक्कर. पुन्हा चटका. बोटाला मलम.

माझ्या चालवण्याचा इथे संबंधच नाही. आजवर एक अपघात नाही, कारण उजवा पाय कायम ब्रेकवर, सदैव सज्ज. कारखान्यातल्या नव्या पोरांना मी हेच सांगत असतो.

८ फेब्रुवारी, रविवार

खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने जिन्यात गाठलं. म्हणे, रस्त्याने जाताना तुमचा मागचा लाल दिवा सारखा पेटलेला दिसतो, ब्रेक दाबून धरल्यासारखा. चला, धागा सापडला. ब्रेकलाइटचा स्विच बिघडलाय. कपाटात जादा आणून ठेवलेला नवा बसवला, शिंप्याला फाटकात उभं केलं आणि त्याच्या समोरून गेलो. दिवा पेटलेलाच.

नवा स्विचही खराब निघाला. हल्ली मालच तसला येतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

रजा टाकली. चाक काढलं, ड्रम आतून घासला, नवे ब्रेक लायनर बसवले, नव्या स्प्रिंगा लावल्या, जिथे ग्रीस लागतं तिथे ग्रीस दिलं. हात कोपरापर्यंत काळे. कंबर गेली. चक्कर मारून आलो तर ड्रम तापलेला, वर नव्या लायनरचा जळका वास.

बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवा. तिला समजावलं की मेकॅनिक नुसती गाडी बघतो, चालवणारा कोण आहे ते बघत नाही. ती म्हणाली, तेही खरंच.

ठकीच्या बॅगांनी बाहेरची खोली भरली आहे. एवढी घाई कशाला करते कळत नाही. अजून ब्रेक व्हायचाय.

१५ फेब्रुवारी, रविवार

वाईट दिवस. मी भाजी आणायला गेलो तेवढ्यात ठकी गाडी काढून त्याच रस्त्याने चक्कर मारून आली. म्हणाली, हात लावून बघा. लावला. ड्रम थंडगार.

तिला कारणं समजावली. तिचं वजन कमी. शिवाय आज वाऱ्यात गारवा होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मागे बसा.

बसलो. माझ्याच गाडीवर मागे, पहिल्यांदा. भयंकर प्रकार. प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय खालच्या फूटरेस्टवर असा रुतत होता की शेवटी ती मान न वळवता म्हणाली, बाबा, तिथे ब्रेक नाहीये.

ड्रम पुन्हा थंड. माझं वजन धरूनही.

१६ फेब्रुवारी, सोमवार, कामावर जाण्यापूर्वी

झोप लागली नाही. काल घरी आल्यावर ठकी समोर येऊन बसली. "बाबा, गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवता."

मी म्हणालो, ठेवतो, पण दाबत नाही.

त्यावर ती म्हणाली, "मी जायला नको असेल तर तसं सांगा ना. ब्रेकचं नाव कशाला?"

आरोप हास्यास्पद आहे. तिला नोकरी लागली तेव्हा अख्ख्या खात्याला चहा मी पाजला. ती गेल्यावर घर कसं लागेल हा विचार माझ्या मनात येतसुद्धा नाही. आला तरी संध्याकाळीच येतो, आणि सकाळी दात घासताना.

२८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या सकाळी ती निघणार. गाडी तयार होती. ठकी म्हणाली तयार आहे, मीही म्हणालो तयार आहे. पण निघण्याआधी शेवटची तपासणी हा सेफ्टीचा नियम आहे. संध्याकाळी उशिरा दोघी आवराआवरीत असताना खाली जाऊन चाक उघडलं. फक्त नजर टाकायची होती. दोन लायनर जोडून धरणारी स्प्रिंग हातातून सुटली, टणकन उडाली आणि गटाराच्या जाळीतून आत गेली. स्पेअरची दुकानं बंद झालेली. उद्या रविवार, उघडणारच नाहीत.

ठकी खाली आली. फरशीवर पडलेलं चाक बघितलं. मी म्हणालो, आठवडाभर उशिरा हजर झालीस तर काय आभाळ कोसळणार आहे? तिथेच उभी राहून तिने फोनवर बसची चौकशी केली.

वाटलं होतं ओरडेल. ओरडायला हवं होतं.

१ मार्च, रविवार

बसने गेली. बॅगा मी चढवल्या. बस हलेपर्यंत ती खिडकीतून आईशी बोलत होती, मला हात केला. बायको माझ्याशी बोलत नाही. मी तिला सांगितलं की चूक स्प्रिंगची आहे. तरीही बोलत नाही.

८ मार्च, रविवार

गाडी मेकॅनिककडे दिली. त्याने चहा मागवला आणि तो येईपर्यंत स्प्रिंग बसवूनही झाली.

ठकीचा फोन आईला येतो, मी शेजारी बसून ऐकतो. पेशंटची घरं लांबलांब. पायी फिरते, पोहोचायला उशीर होतो, लोक बोलतात. टाचेला फोड आलेत. मला फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, रोजनिशी कोण वाचतंय.

निर्णय झाला. येत्या रविवारी गाडी मी स्वतः नेऊन देणार. पाय ब्रेकवर ठेवायचा नाही, फूटरेस्टवर ठेवायचा. आठवडाभर सराव. आज मेकॅनिककडून घरी येताना पाय फक्त एकदा गेला. माझ्या लक्षात आलं ते एकदा.

१५ मार्च, रविवार, संध्याकाळ, ठकीची खोली

सकाळी झकास निघालो. पाय मोकळा. गाडी अशी पळाली की मलाच नवल वाटलं. मग मोठा रस्ता लागला, ट्रक लागले, उतार लागला. त्यानंतर पाय कुठे होता ते सांगता येत नाही. जळका वास आला तेव्हा म्हटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग मागून धूर. चाक जाम. तिचं गाव अर्ध्या तासावर राहिलं होतं.

फोन करायला बराच वेळ लावला. शेवटी केला. ठकी हॉस्पिटलच्या टेम्पोतून आली, कामाच्या कपड्यांतच, कुणाचा तरी व्यायाम अर्धवट सोडून. मला वाटलं आधी गाडी बघेल. तिने मला बघितलं. माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला होता, पाय टेकवत नव्हता. रस्त्याच्या कडेला खाली बसून तिने माझा बूट काढला आणि पोटरी चोळायला लागली. मी पाय ताठ धरला होता. तिने धरून ठेवला आणि म्हणाली, "सैल सोडा, बाबा. मी आहे ना."

सुटत नव्हता. तिने घाई केली नाही. मला रडू आलं, ते तिने बघितलं नाही असं दाखवलं.

तोवर ड्रम निवला होता. तिने नट सैल केला, चाक फिरवून बघितलं, हेल्मेट घातलं आणि म्हणाली, तुम्ही टेम्पोत बसा. मग ती पुढे आणि आम्ही मागे. वळणावर ती अलगद झुकायची, पुन्हा सरळ व्हायची. टेम्पोवाला बराच वेळ बघत होता. म्हणाला, पोरगी गाडी छान चालवते, शिकवली कोणी?

मी तोंड उघडलं. मग म्हणालो, तिची तीच शिकली.