दिगंबरच्या यानाची पूजा

शनिवार, दिवेलागण

लगेच लिहून ठेवतो. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

नांदगाव खंडेश्वरचा दिगंबर, माझा शाळासोबती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. त्याने चक्क अंतराळयान बनवलं आणि वाहनपूजेला मला बोलावलं. चाकंच नाहीत, तर लिंबू ठेवू कुठे? मी विचारतोय तोवर याने खटका दाबला. "बस महाराज, एक चक्कर मारून येऊ. पूजा वर कर!"

चंद्र मागे पडला तेव्हा मी शेंडीसकट तरंगत होतो. लिंबूही. तरी स्वतःला पट्ट्याने बांधून पूजेला बसलो. संकल्पात आधी आपण कुठे आहोत ते सांगावं लागतं. देश, नदी, गाव. तिथेच अडलो. इथे कोणती नदी?

"काहून थांबला बे? मंतर भुलला का?"

खिडकीत पृथ्वी होती. निळी, एवढीशी. तरंगतं लिंबू मध्ये आलं आणि ती दिसेनाशीच झाली. अमरावती, आमची गल्ली, घरी वाट पाहणारी बायको सुमन, सगळं त्या लिंबामागे. मग लिंबू सरकलं.

तीस वर्षं हे ठिकाण मी तोंडपाठ म्हणत आलो. पाहिलं कधी होतं? शेवटी तेच देश, नदी, गाव म्हटलं, पण खिडकीतून बघून. बडबड्या दिगंबरनेही हात जोडले.

आत्ता घरी सुमनने माझ्या पिशवीतलं तेच लिंबू सरबताला कापायला घेतलं. मी तिचा हात धरला.

"अजी, लिंबूच तं आहे!"

तिला काय सांगू? दुपारी तीही त्याच्यामागे होती.