अकरा नावं

११ जुलै, शुक्रवार
अकरा! जिमखान्याच्या सुधीर सरांनी बोटाने टेबलावर आकडा काढून दाखवला. "मुलांची फुटबॉल टीम दरवर्षी जाते, दर्शना. मुलींची पाठवायची तर अकरा नावं आण. चार ऑगस्टपर्यंत. मग बोलू." हसतच म्हणाले. त्यांना वाटलं, ही काय आणणार! जिमखान्याच्या बाहेर येऊन मोजलं — मी धरून एक.

चार वर्षं कोलशेतच्या कारखान्यात पॅकिंगला काढून परत कॉलेजात आले. हे शेवटचं वर्ष. मला विद्यापीठाच्या स्पर्धेत एकदा, एकदाच, जर्सी घालून मैदानात उतरायचंय. यंदा नाही तर कधीच नाही.

१४ जुलै
चौघी.

१७ जुलै
सात झाल्या. पण मैदान सकाळी मुलांचं. त्यांचा कॅप्टन स्वानंद म्हणे, "तुम्ही आमच्या गोलच्या मागे खेळा ना, जागा आहे." गोलच्या मागे कँटीनचा कचरा आहे! सरळ अर्ध्या मैदानात गेले, गोल म्हणून आमच्या चपला मांडल्या आणि मध्ये उभी राहिले. बॉल दोनदा अंगावर आला. हलले नाही. शेवटी त्यांनीच खेळ पलीकडे सरकवला. मांडी अजून ठणकतेय.

२१ जुलै
क्षिप्रा नावाची एस.वाय.ची मुलगी आली, ठाकुर्लीची. चष्म्याला मागून इलॅस्टिक. बॉल आला की डोळे मिटते आणि पाठ फिरवते! चार वेळा बघितलं, पाचव्यांदा डोकं फिरलं. "अगं, तू खेळायला आलीयस की घाबरायला? बाहेर बस. सगळ्यांसाठी पाणी आण." "चालेल ताई," म्हणाली आणि खरंच कॅन भरून आणला.

जरा जास्तच बोलले का? असू दे. नावाला अकरा नकोत मला, खेळायला हव्यात.

२५ जुलै
दहा! कबड्डीतली पायल आली. मुलांबरोबर पहिलीच प्रॅक्टिस मॅच आणि या बाईने स्वानंदची कंबर धरून त्याला चिखलात आडवा केला! कबड्डीची सवय, दुसरं काय. सगळी पोरं पोट धरून हसली. स्वानंद उठला, तोंड पुसलं, म्हणाला, "हिला डिफेन्सला ठेव. फक्त हात बांध तिचे." पहिल्यांदाच तो मला बरा वाटला. सहा-शून्य हरलो. पण अर्ध्यातून कोणी घरी गेलं नाही.

क्षिप्रा रोज येते. पाणी भरते, मग एकटीच भिंतीवर बॉल मारत राहते.

१ ऑगस्ट
अकरावी मिळाली! एन.सी.सी.तली निशिगंधा. बॉल नसला की सावधानमध्ये उभी राहते, पण पळते काय!

फॉर्म भरले. माझ्या फॉर्मवर जन्मतारीख १ जून. खरी २३ सप्टेंबर. शाळेत घालायला नेलं तेव्हा बाई म्हणाल्या, वय कमी पडतंय, पुढच्या वर्षी या. आजोबांनी तिथल्या तिथे १ जून सांगून टाकलं. मोहन्याच्या आमच्या चाळीत अर्धी पोरं १ जूनचीच! आज फॉर्म बघून आजोबा म्हणतात कसे, "तुझं आख्खं वरीस वाचवलंय मी." त्याबद्दल त्यांच्याकडूनच पेढे उकळले.

४ ऑगस्ट
फॉर्म गेले. जर्सी आल्या — मुलांच्या गेल्या वर्षीच्या, पण धुतलेल्या. मी सात नंबर घेतला. घरी आल्यापासून अंगात आहे. आई म्हणाली, "जेवताना तरी काढ गं, आमटी सांडेल." नाही काढली.

निघताना क्षिप्रा भिंतीपाशी होती. बहुतेक डोळे उघडे ठेवून मारत होती. मी घाईत होते.

७ ऑगस्ट
विद्यापीठाच्या ठाण्याच्या ऑफिसातून एक फॉर्म परत आला. माझा.

एक जुलैला पंचवीस पूर्ण झालेली मुलगी चालत नाही. कागदावर मला महिनाभर जास्त झालाय! खरी तारीख लावली तर अजून चोवीस! पण शाळेच्या दाखल्यापुढे कोण ऐकतंय. सर म्हणाले, "माझ्याच लक्षात यायला हवं होतं." आज त्यांना हसू आलं नाही. उद्या पाचपर्यंत दुसरं नाव दिलं नाही, तर टीमच रद्द.

जिमखान्याच्या मागे जाऊन रडले. खूप. मग नळावर तोंड धुतलं.

आजोबांना सांगायचं नाही. कधीच नाही.

टीम जाणार म्हणजे जाणार.

८ ऑगस्ट
सकाळीच ठाकुर्लीला क्षिप्राच्या घरी गेले. आधी सॉरी म्हटलं. मग सात नंबरची जर्सी तिच्यासमोर ठेवली.

तिने सातावरून बोट फिरवलं. "पण ताई, मग पाणी कोण आणणार?"

"मी."